आईच्या खोलीची लाइन

१

बाई वारल्या त्याला अकरा दिवस झाले होते आणि त्यांचा श्वास अजून चालू होता.

हे मी म्हणत नाही, सावकाश म्हणाला. आमच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्या या माणसाला सगळे सावकाश म्हणतात, कारण तो डब्याचं झाकणसुद्धा नियमावली वाचल्यासारखा उघडतो. असा माणूस भरदुपारी जिने धावत उतरून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मीटरबाई, जरा वर चला." त्याचा चेहरा बघून मी चहा तसाच टाकून उठले.

मी वीज कंपनीत तक्रारींची चौकशी करते. सुरुवात घरोघरी मीटर वाचण्यापासून केली, म्हणून मीटरबाई. तीस वर्षांत एवढं शिकले की माणसं खोटं बोलतात, मीटर बोलत नाही. सकाळी गिझर दोन वेगवेगळ्या वेळी तापायला लागला की समजावं, घरात नवरा-बायकोचं बिनसलंय.

पूर्वी वीज कमी पडली की आम्ही अख्खी वस्ती अंधारात ढकलायचो आणि शिव्या खायचो. आता घरोघरी स्मार्ट मीटर बसलेत. हॉल, स्वयंपाकघर, खोल्या, प्रत्येकाची लाइन वेगळी दिसते आणि वेगळी बंद करता येते. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले की ज्या लाइन बंद केल्या तर चालतील असं घरवाल्यांनी कळवलेलं असतं, त्या आम्ही इथे बसून तासभर बंद करतो. साहेब लोक त्याला मागणी व्यवस्थापन म्हणतात, सावकाश भार उतरवणं म्हणतो. घरात आजारी माणसाचं मशीन असेल तर ती लाइन 'हात लावू नये' या यादीत जाते.

त्या वसाहतीत हा प्रयोग अकरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा झाला. चार वाजून तीन मिनिटांनी सावकाशने बटण दाबलं, चार पंचावन्नला सोडलं. मधल्या बावन्न मिनिटांत एका घरात ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या म्हाताऱ्या बाई गेल्या. आमची नोंद स्वच्छ होती. त्या घरातल्या बाकी सगळ्या लाइन बंद, 'आईची खोली' चालू. पण भाड्याने मशीन देणाऱ्या माणसाने दुसऱ्याच दिवशी सकाळी मशीनमधली नोंद तपासली, तर तेही नेमकी तीच बावन्न मिनिटं बंद होतं.

बाईंची मुलगी लांबच्या गावी राहते. पाय मोडून प्लास्टरमध्ये असल्यामुळे तिला आईच्या शेवटच्या दर्शनालाही येता आलं नव्हतं. तिने फोनवरून आम्हाला आणि पोलिसांना एकच गोष्ट सांगितली. चारला वीज जाणार आणि आईची खोली तेवढी चालू राहणार, असा मेसेज भावजयीच्या फोनवर आला होता. भावजयीने तो वाचला, मशीनची पिन काढली आणि वायर ओढून दुसऱ्या खोलीच्या सॉकेटला लावली. "आईची लाइन चालू राहणार हे मी स्वतः बघितलंय," ती मला म्हणाली होती, "त्यामुळे दुसरं काही झालेलंच नाही." पोलीस आमच्या अहवालासाठी थांबले होते. मी काय लिहिते यावर त्या सुनेला घेऊन जायचं की नाही, हे ठरणार होतं.

सावकाशने पडद्याकडे बोट केलं. त्या घराची 'खालची खोली' नावाची लाइन होती. रेघ वर चढत होती, थांबत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. निजलेल्या माणसाची छाती हलते तशी.

"हे ऑक्सिजनचं मशीन," तो म्हणाला. "दुसरं काही असं चालत नाही. रोज चार वाजून तीन मिनिटांनी सुरू होतं आणि चार पंचावन्नला थांबतं. बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

सुट्टीच्या दिवशीही तो हे बघायला येत होता, असं त्याने सांगितलं. आम्ही दोघं ती रेघ थांबेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी त्या घरी गेले. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक लहान खोली, वर जिन्याने जाऊन आणखी दोन खोल्या. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. सून घरी शाळेचे गणवेश शिवते.

खालच्या खोलीत पलंग होता, गादी गुंडाळून ठेवलेली. शेजारी मशीन, त्याची नळी व्यवस्थित वेटोळं करून खुंटीला टांगलेली. खिडकीला निळा पडदा होता. तो त्या खिडकीला बराच लांब होता, खालून वीतभर दुमडून टाके घातलेले होते. शिवणाऱ्या बाईच्या घरात बेमापाचा पडदा का, असं मनात आलं. चौकशीत असल्या गोष्टी विचारल्या की लोक हसतात, म्हणून मी गप्प बसले.

हे मशीन रोज कोण लावतं, एवढं मी विचारलं. मुलगा चमकून बायकोकडे बघायला लागला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"मी लावते," सून म्हणाली. "त्या दिवशी ती बावन्न मिनिटं मी वर होते. आता रोज तेवढा वेळ खाली बसते."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसाचं तिने जे सांगितलं ते असं. जेवणं झाली, आईंना झोप लागली. मेसेज आला, आईची खोली चालू राहील असं त्यात लिहिलेलं होतं, म्हणून वीज जाईपर्यंत शिवून घ्यायला ती निर्धास्तपणे वर गेली. शिलाई मशीन चालूच राहिलं, पंखा चालूच राहिला, तेव्हा तिला वाटलं, आज वीज बंद केलीच नसेल. पाचला खाली आली तर ऑक्सिजनचं मशीन नेहमीसारखं श्वास टाकत होतं आणि आई नव्हत्या. वीज आली की ते मशीन आपोआप सुरू होतं. वीज गेली तर बारीक शिट्टी वाजते, पण शिलाईच्या आवाजात वरती ती ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मी वर जाऊन पाहिलं. शिलाई मशीन, इस्त्री, गणवेशांचे गठ्ठे. खिडकी मोठी होती आणि तिला पडदा नव्हता. दांडीवर नुसत्या कड्या होत्या.

खाली येऊन मी मुलाला विचारलं, की आई कायम खालीच झोपायच्या का. "नाही, त्या दिवशीच खाली आणलं होतं, वर फार उकडत होतं म्हणून," तो घाईघाईने म्हणाला आणि चष्मा काढून पुसायला लागला. दिवसभर दुसऱ्यांचे चष्मे पुसणारा माणूस, स्वतःचा इतका वेळ पुसत बसला तर मी काय समजायचं? शिवाय बायकोवर खुनाचा संशय असताना हा म्हणतो, आईला त्याच दिवशी हलवलं. त्याला आपण काय बोलून बसलोय तेही कळत नव्हतं.

शेवटचा प्रश्न फॉर्मचा होता. 'हात लावू नये' यादीसाठीचा फॉर्म सुनेच्या नंबरवरून भरला गेला होता. तो कोणी भरला, असं मी विचारलं. मुलाने तोंड उघडलं, तेवढ्यात ती मध्ये बोलली.

"मी भरला. काही चुकलं असेल तर माझंच चुकलं. तसं लिहून टाका."

चौकशीत हात झटकणारी माणसं मी रोज बघते. मागितलेलं नसताना दोष ओढून घेणारं माणूस दिसलं की मला भीती वाटते.

३

ऑफिसात परतल्यावर मी सावकाशला म्हटलं, मला जुन्या रेघा दाखव. पिन खरंच त्या दिवशी बदलली असेल, तर आदल्या दिवशीपर्यंत तो श्वास 'आईची खोली' या लाइनवर असायला हवा.

आदल्या दिवशी नव्हता. त्याच्या आदल्या दिवशीही नव्हता. आम्ही आठवडाभर मागे गेलो, महिनाभर मागे गेलो. 'खालची खोली' अखंड श्वास घेत होती, दिवस-रात्र. चार महिन्यांपूर्वी मशीन घरात आलं त्या तारखेपर्यंत आम्ही पोचलो. आईच्या खोलीत आईने एकदाही श्वास घेतला नव्हता.

मग त्या खोलीत काय होतं? बारीक बारीक गचके. चार-पाच सेकंद वर, मग शांत, पुन्हा वर. मी नुकतीच ती शिलाई पाहून आले होते. त्या दिवशीच्या बावन्न मिनिटांत ते गचके कुठेही थांबलेले नव्हते. सून खरोखरच वर शिवत बसलेली होती, पिनेला हात लावायला ती खाली उतरलीच नव्हती.

"म्हणजे सुटली ती," सावकाश म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हळूच खाली बसला. "पण बाई, म्हणजे मीच..."

मी म्हटलं, तुला जी लाइन बंद करायची म्हणून सांगितली तीच तू बंद केलीस. 'खालची खोली' ही फॉर्मप्रमाणे बिनमहत्त्वाची होती. वर्षापूर्वी मीटर बसला तेव्हा बाई वर राहायच्या, म्हणून वरच्या लाइनला 'आईची खोली' नाव पडलं. माणूस खाली आला, नाव वरच राहिलं. आणि फॉर्म भरणाऱ्याने नावावर खूण केली.

तरी मला खटकत होतं. चार महिने जी बाई खालच्या खोलीत ताट नेते, नळी धुते, कूस बदलून देते, ती मशीन वर आहे असं कसं लिहील? फॉर्मच्या शेवटी शेऱ्याची जागा असते. मी तो शेरा उघडला. 'आईच्या ऑक्सिजनचं मशीन या खोलीत आहे. ही लाइन कधीही बंद करू नये.'

मग तिच्याच नंबरवरून आमच्याकडे आलेल्या जुन्या तक्रारी काढल्या. तीन होत्या. 'आईंना पंख्याशिवाय त्रास होतो.' 'आईंच्या मशीनला व्होल्टेज कमी पडतं.' 'आईंना डॉक्टरांनी सांगितलंय.' तिचा आजचा जबाबही पाहिला. सगळीकडे आईंना, आईंच्या, आईंनी.

मी तो फॉर्म पुन्हा वाचला. त्यात एक टिंब कमी होतं.

४

"फॉर्म तुम्ही भरलेला नाही," मी सुनेला म्हटलं. आम्ही स्वयंपाकघरात होतो, मुलगा दुकानातून यायचा होता.

मी तिला सगळं उलगडून सांगितलं. सासूला 'आईंच्या' म्हणणारी बाई घाईतसुद्धा 'आईच्या' लिहीत नाही, तो हात पोटच्या पोरांचा असतो. पोटची पोरं दोनच. त्यातल्या मुलाने स्वतः पलंग खाली आणला, मशीन कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक. म्हणजे बाईंना नुसतं 'आई' म्हणणारं आणि त्या खाली आल्यात हे माहीत नसणारं माणूस जगात एकच उरतं.

"ताईंना कळवू नका," ती म्हणाली. एवढंच.

नंतर हळूहळू बोलती झाली. हॉस्पिटलमधून आल्यावर आईंना जिना चढवेना. त्यांनी दोघांना शपथ घातली, की लेकीला सांगायचं नाही. पोर लांब राहते, जिवाला घोर लावून घेईल. रोज सातला व्हिडिओ कॉल असायचा, म्हणून आईंनी वरचा पडदा खाली लावून घेतला. मागे तोच निळा पडदा दिसला की लेकीला वाटायचं, आई आपल्या खोलीत आहे. कॉल संपला की आई विचारायच्या, कळलं नाही ना तिला?

फॉर्मचं ताईंनीच अंगावर घेतलं. तुला नाही जमायचं, मी इथून भरते, म्हणाल्या. सुनेने फोनवर आलेला ओटीपी तेवढा सांगितला. लाइनींची नावं ताईंनी तिकडे वाचली, इकडे कुणी पाहिलीही नाहीत. आणि मेसेज आला तेव्हा सुनेनेही तेच केलं. आई खाली, म्हणजे 'आईची खोली' खालचीच, असं समजून ती वर गेली.

हे सगळं तिला कधी कळलं? चौथ्या दिवशी, जेव्हा नणंदेने फोनवर पहिल्यांदा तिच्यावर खापर फोडलं आणि 'आईच्या खोलीची लाइन तर चालू होती' असं म्हणाली. त्या क्षणी तिला उमगलं. त्यानंतर रोज फोन येत राहिला, ती ऐकून घेत राहिली. नवऱ्यालाही तिने बोलू दिलं नाही; आईंना त्या दिवशीच खाली आणलं, ही त्याची थापही ताईंना काही कळू नये म्हणूनच होती.

मला तिचा राग आला, खरं सांगते. मी तिला बजावलं, की ही चांगुलपणा दाखवायची जागा नाही. माझ्या अहवालात भरणाऱ्याचं नाव लागतं. तुमचं लिहिलं तर पोलीस म्हणतील, मशीन खाली आहे हे माहीत असून वरचं लिहिलं. त्याला चूक म्हणत नाहीत, हेतू म्हणतात.

"माहीत आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ दारात काठीचा ठक ठक आवाज झाला. प्लास्टर कालच निघालं होतं, आणि नणंद कुणालाही न कळवता आली होती.

५

सुनेचा नवरा बहिणीची बॅग घेऊन मागून आत आला, तिने त्याला दुकानाबाहेरूनच गाडीत घेतलं होतं. पन्नाशीची, ठसठशीत बाई, प्रवासाने चेहरा उतरलेला. भावजयीकडे तिने पाहिलंही नाही. माझी ओळख विचारली, मान हलवली आणि सरळ जिन्याकडे वळली.

काठी एका हातात, दुसरा हात कठड्यावर. एक पायरी चढली, थांबली. दुसरी चढली. दुखरा पाय ओढत चौथ्या पायरीपर्यंत गेली, तोवर आम्ही तिघंही खालून बघत होतो. भावाने बॅग खाली ठेवली.

"ताई, वर कुठे चाललीस?"

"आईच्या खोलीत."

"आई वर नव्हती गं," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "चार महिने खालीच होती. तिला जिना चढवत नव्हता. तुला सांगू नका म्हणाली."

ती वळली नाही. कठड्यावरचा हात तिथेच राहिला. तिने मनात काय काय जुळवलं ते तिच्या पाठीवरूनही दिसत होतं. मी काही बोलायची गरजच पडली नाही. माझी सगळी हुशारी, ते टिंब, त्या रेघा, माझ्या पिशवीतच राहिल्या.

"मी तर आईच्या खोलीवर खूण केली," ती हळू आवाजात म्हणाली. मग पायरीवर बसली.

सून तिच्याजवळ गेली, दोन पायऱ्या खाली उभी राहिली. नणंदेने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी रोज तुला खुनी म्हणत होते. का ऐकून घेतलंस?"

"तुमचा माझ्यावर राग होता तोवर तुम्ही उठत होतात, फोन करत होतात," सून म्हणाली. "हे कळल्यावर तुम्ही काय कराल, याची मला भीती वाटत होती."

मग तिघंही एकदम माझ्या अहवालावर आले. नणंद म्हणाली, माझं नाव लिहा. भाऊ म्हणाला, मी लपवलं, माझं लिहा. सून म्हणाली, मेसेज मी वाचला होता. एक दोषी शोधायला आलेल्या बाईला तीन मिळाले. मी त्यांना सांगितलं, की तुम्हा तिघांनाही खुनी ठरवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पिन कुणी हलवली नाही, हे रेघांवरून सिद्ध होतं, पोलिसांना तेवढं पुरेल. 'चूक कुणाची' या रकान्यात मी आमचं कार्यालय लिहिणार आहे. आम्ही खोलीचं नाव विचारलं, आज तिथे कोण निजतं ते विचारलं नाही. यावर साहेब माझ्यावर उखडणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याची मला फिकीर नव्हती.

मी पिशवी उचलली, चपला घातल्या. नणंद अजून पायरीवरच होती.

"तिने हाक मारली असेल का गं?" तिने विचारलं. "त्या वेळी?"

खोटं बोलावं का, असा विचार सुनेच्या मनात आला असावा. पण तिने खरंच सांगायचं ठरवलं.

"मारली असेल तर तुम्हालाच मारली असेल, ताई. मला बोलवायचं असलं तरी आईंच्या तोंडात तुमचंच नाव यायचं. पाणी हवं असलं तरी, कूस बदलायची असली तरी." ती पायरीवर नणंदेशेजारी बसली. "मी ओ द्यायचे."